चुकीच्या हद्दीत चाललेला खटला

१. प्रश्न

“खटला ज्या न्यायालयात चालावयास नको होता तेथेच चालला, तेथेच शिक्षाही झाली, आणि पुढे अपिलात ही चूक वरिष्ठ न्यायालयास पटली, तर आरोपी सुटला असे समजावे काय?” हा प्रश्न वकिलांना वारंवार विचारला जातो, आणि तो विचारणाऱ्याच्या मनात बहुधा दोन स्वतंत्र समजुती एकत्र नांदत असतात: एक अशी की, गुन्हा ज्या गावी घडला त्याच गावच्या न्यायालयाने त्याचा विचार करावा, आणि दुसरी अशी की, एकाच अपराधासाठी कोणासही दोनदा आरोपीच्या पिंजऱ्यात उभे करू नये. दोन्ही समजुती बरोबर आहेत. परंतु पहिल्या नियमाचा भंग झाला म्हणून दुसऱ्याचे संरक्षण आपोआप प्राप्त होते, हे जे अनुमान त्यांतून काढले जाते, ते मात्र बरोबर नाही. ते का बरोबर नाही, हे समजण्यासाठी प्रथम ठिकाणाचा नियम, नंतर दुसऱ्या खटल्याचा नियम, आणि अखेरीस या दोहोंची अपिलात पडणारी गाठ, अशा क्रमाने गेले पाहिजे.

२. गुन्ह्याचे गाव कोणते?

मूळ नियम एका वाक्याचा आहे. गुन्हा ज्या न्यायालयाच्या स्थानिक हद्दीत घडला, सामान्यतः त्याच न्यायालयाने त्याची चौकशी करावी व खटला चालवावा. १८९८ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेत हा नियम १७७ व्या कलमात होता, १९७३ च्या संहितेतही त्याच क्रमांकाच्या कलमात राहिला, आणि १ जुलै २०२४ पासून अमलात आलेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेत तो १९७ व्या कलमात आहे. त्यामागील हेतू उघड आहे. साक्षीदार त्या परिसरातले असतात, पंचनामा तेथेच झालेला असतो, आणि आरोपीला आपल्या बचावाचे पुरावे गोळा करावयाचे असतात तेही बहुधा त्याच मुलखातून. दोनशे कोसांवरील परक्या शहरी तारखांमागून तारखांना हजर राहणे हे गरीब आरोपीच्या दृष्टीने निकालाआधीच भोगावयाच्या शिक्षेसारखे असते, ही गोष्ट या नियमाचा विचार करताना क्षणभरही विसरता कामा नये.

परंतु गुन्हा एकाच जागी सुरू होऊन तेथेच संपतो असे नेहमी घडत नाही. समजा, सोलापुरातील एका इसमाने साताऱ्याच्या किराणा दुकानदारास पत्र लिहून, ज्वारीची पोती पाठवितो असे खोटेच भासविले आणि आगाऊ रक्कम मागविली. दुकानदाराने ती साताऱ्यातून पाठविली आणि सोलापुरात ती उचलली गेली. येथे फसवणूक कोठे घडली? संहितेचे उत्तर असे की, पत्राने किंवा दूरसंदेशाने फसविले असेल तर तो संदेश जेथून निघाला आणि जेथे पोचला अशा दोन्ही ठिकाणच्या न्यायालयांस अधिकार असतो. शिवाय मालमत्ता जेथे दिली वा घेतली गेली तेथील न्यायालयासही असतो. म्हणून सोलापूर चालेल आणि साताराही चालेल. पण ज्या नाशकाचा या व्यवहाराशी काडीचाही संबंध नाही, ते चालणार नाही.

याच तत्त्वाची कसोटी पाहणारा एक खटला मुंबईत झाला आणि त्याचा मूळ संबंध गोव्याशी होता. १९५१ साली पोर्तुगीज अमलाखालील गोव्यात तांदळाची तीव्र टंचाई पडली असता, मडगाव येथील आयात-निर्यात करणाऱ्या एका पेढीच्या संचालकाने मुंबईच्या दलालामार्फत कराचीतील एका व्यापाऱ्याशी तांदळाच्या खरेदीचे बोलणे लावले. पत्रे, तारा आणि टेलिफोन यांवरून सौदा ठरला. माल जहाजावर चढविण्यास तयार आहे असा विश्वास कराचीहून देण्यात आला. आणि त्या विश्वासावर मुंबईत काही लाख रुपये हप्त्यांनी मोजून देण्यात आले. तांदूळ मात्र आला नाही. पुढे हा व्यापारी इंग्लंडात असता दुसऱ्या एका प्रकरणात प्रत्यर्पणाने मुंबईस आणला गेला, आणि तेथे त्याजवर या फसवणुकीचाही खटला होऊन शिक्षा झाली. सर्वोच्च न्यायालयापुढील अपिलात त्याने कैफियत मांडली ती अशी: मी पाकिस्तानचा नागरिक, गुन्ह्याच्या सर्व काळात मी कराचीत होतो, मुंबईच्या भूमीवर माझे पाऊलही पडले नव्हते; तेव्हा मुंबईच्या न्यायालयाचा माझ्यावर अधिकार कसा?

मोबारिक अली अहमद विरुद्ध मुंबई राज्य या नावाने नोंदल्या गेलेल्या १९५७ च्या निर्णयात न्यायालयाने ही कैफियत फेटाळली. गुन्हेगाराचे शरीर कोठे होते हा प्रश्न नसून गुन्ह्याचे घटक कोठे पूर्ण झाले हा प्रश्न आहे. खोटे आश्वासन मुंबईत पोचले, त्याला भुलून पैसे मुंबईत दिले गेले, म्हणून गुन्हा मुंबईत घडला, असे त्या निर्णयाचे सार आहे. फसवणुकीचे जाळे आज टेलिफोनवरून आणि संगणकावरून देशोदेशी पसरलेले असताना, तार आणि टेलिफोन यांच्या काळातील हा निर्णय किती दूरवर पाहणारा होता हे अधिकच जाणवते. नव्या संहितेच्या २०२ व्या कलमात पत्रे व दूरसंदेश यांच्या जोडीला इलेक्ट्रॉनिक संदेशांचाही स्पष्ट उल्लेख आलेला आहे.

३. ठिकाण खरोखरच चुकले तर

आता असे धरून चालू की, वरील उदाहरणातील खटला नाशकातच चालला, आणि शिक्षा झाल्यानंतर अपिलात ही चूक उघड झाली. तो निकाल रद्द होईल काय? बहुतेक वाचकांस आश्चर्य वाटेल, पण केवळ तेवढ्या कारणाने होणार नाही. जुन्या संहितेचे ५३१, नंतरच्या संहितेचे ४६२ आणि आताच्या संहितेचे ५०८ या क्रमांकाचे कलम असे सांगते की, खटला चुकीच्या जिल्ह्यात, चुकीच्या सत्रविभागात किंवा अन्य चुकीच्या स्थानिक क्षेत्रात चालला एवढ्याच कारणावरून कोणताही निष्कर्ष, शिक्षा वा हुकूम रद्द करता येणार नाही. त्या चुकीमुळे प्रत्यक्षात न्यायाची हानी झाली आहे असे दिसले पाहिजे.

येथे एक भेद नीट ध्यानात ठेवावा लागतो. न्यायालयाची स्थानिक हद्द ही एक गोष्ट आणि त्या प्रकारचा खटला चालविण्याचा मूलभूत अधिकार ही दुसरी गोष्ट. निष्णात वैद्याने आपले गाव सोडून शेजारच्या गावी जाऊन औषध दिले तर त्या औषधाचा गुण जात नाही. पण वैद्यकी न शिकलेल्या मनुष्याने स्वतःच्या घरच्या ओसरीवर बसून दिलेल्या औषधास औषध म्हणता येत नाही. कायद्याने ज्याला तसा अधिकारच दिलेला नाही अशा दंडाधिकाऱ्याने आरोपीचा खटला चालविला तर ती सर्व कार्यवाही संहितेप्रमाणे मुळातच शून्यवत असते, आणि तेथे हानी झाली की नाही हे विचारण्याचीही गरज उरत नाही. हद्द चुकणे हा मात्र दुरुस्त होण्याजोगा दोष मानला गेला आहे.

न्यायाची हानी झाली हे दाखविण्याचा भार अपील करणाऱ्यावर पडतो, आणि आरोपीने ही हरकत खटल्याच्या आरंभी घेतली होती की शिक्षा कानी पडल्यावर त्याला ती प्रथम सुचली, याकडे वरिष्ठ न्यायालय साहजिकच पाहते. हे धोरण एकंदरीत शहाणपणाचे आहे, कारण वर्षानुवर्षे चाललेला आणि साक्षीपुराव्याने सिद्ध झालेला खटला केवळ नकाशावरील एका रेषेसाठी धुळीस मिळविणे समाजाला परवडणारे नाही. तथापि माझे मत असे की, “हानी” या शब्दाचा अर्थ न्यायालयांनी उदारपणे लावला पाहिजे. दूरच्या ठिकाणी बचावाचे साक्षीदार आणणे ज्याला शक्य झाले नाही, किंवा परमुलखात योग्य वकील देता आला नाही, अशा आरोपीची हानी कागदोपत्री दिसत नाही. ती शोधूनच पाहावी लागते.

४. दोनदा संकटात न टाकण्याचा नियम

दुसऱ्या नियमाची मुळे इंग्लंडच्या प्राचीन परंपरागत कायद्यात आहेत. पूर्वी एकदा निर्दोष ठरलो आहे किंवा पूर्वीच दोषी ठरलो आहे, अशी कैफियत तेथील आरोपीस फार पूर्वीपासून मांडता येत असे. भारतात हा नियम दोन ठिकाणी आहे आणि त्या दोहोंची व्याप्ती सारखी नाही. संविधानाचा अनुच्छेद २०(२) असे सांगतो की, एकाच अपराधासाठी कोणावरही एकाहून अधिक वेळा खटला चालवून शिक्षा केली जाणार नाही. तेव्हा या संरक्षणासाठी पूर्वी खटलाही झालेला असला पाहिजे आणि शिक्षाही. संहितेचे कलम मात्र, म्हणजे जुने ४०३, नंतरचे ३००, आताचे ३३७, याहून विस्तृत आहे. ते दोषी ठरलेल्याप्रमाणेच निर्दोष सुटलेल्याचेही रक्षण करते.

“खटला” या शब्दाचा अर्थ किती काटेकोर आहे हे १९५३ च्या मकबूल हुसेन विरुद्ध मुंबई राज्य या निर्णयावरून समजते. १९४९ साली जेद्दाहून सांताक्रूझ विमानतळावर उतरलेल्या एका प्रवाशाजवळ सुमारे १०७ तोळे सोने सापडले. ते सागरी जकात कायद्याखाली जकात अधिकाऱ्यांनी जप्त केले. आणि नंतर त्याच सोन्याच्या बाबतीत परकीय चलन कायद्याखाली मुंबईच्या दंडाधिकाऱ्यापुढे त्याजवर खटला भरला गेला. सोने गेले ही शिक्षाच नव्हे काय, असा त्याचा प्रश्न होता. सर्वोच्च न्यायालयाने ठरविले की जकात अधिकारी म्हणजे न्यायालय नव्हे, त्यांची जप्ती म्हणजे फौजदारी खटल्यातील शिक्षा नव्हे, म्हणून पुढील खटल्यास बाध येत नाही.

“एकच अपराध” या शब्दांनाही असाच काटेकोर अर्थ आहे. एका कृत्यातून दोन निरनिराळे अपराध निष्पन्न होऊ शकतात, आणि प्रत्येकाचे घटक वेगळे असतील तर दोन्हींसाठी जबाबदारी येते. विमा कायद्याखालील अपराध आणि विश्वासघाताचा अपराध यांसंबंधी १९६१ च्या मुंबई राज्य विरुद्ध आपटे या निर्णयात हेच तत्त्व सांगितले गेले. तसेच, मारहाणीबद्दल एखाद्यास शिक्षा झाली आणि त्यानंतर जखमी मनुष्य त्याच जखमांनी मरण पावला, तर मनुष्यवधाचा खटला पुन्हा चालू शकतो, कारण पहिल्या न्यायालयापुढे मृत्यू ही घटनाच नव्हती. याच्या उलट, फिर्याद काढून टाकली जाणे किंवा दोषारोप न ठेवता आरोपीस सोडून देणे म्हणजे निर्दोष ठरणे नव्हे, असे संहिताच स्पष्ट करते.

संहितेच्या या कलमात दोन अटी अशा आहेत की ज्यांवर आपल्या मूळ प्रश्नाचे उत्तर अवलंबून आहे. पहिला निकाल अधिकार असलेल्या न्यायालयाने दिलेला असावा, ही एक. आणि तो निकाल अमलात राहिलेला असावा, ही दुसरी.

५. अपील हा दुसरा खटला नव्हे

दुसऱ्या अटीचा उलगडा आधी करू. निर्दोष सुटलेल्या मनुष्याविरुद्ध सरकारने अपील केले तर त्याला दुसऱ्यांदा संकटात टाकल्यासारखे होते काय? अमेरिकेत याचे उत्तर होकारार्थी आहे. तेथे ज्यूरीने एकदा निर्दोष ठरविलेल्या आरोपीविरुद्ध सरकारला अपील करताच येत नाही. भारतात उत्तर नकारार्थी आहे. अपील म्हणजे त्याच खटल्याची पुढील पायरी, नवा खटला नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९५३ मध्येच कलावती विरुद्ध हिमाचल प्रदेश राज्य या प्रकरणात सांगितले आहे.

महाराष्ट्रातील वाचकांस या भेदाचे सर्वांत परिचित उदाहरण म्हणजे नौदलातील कमांडर नानावटी यांचा खटला. २७ एप्रिल १९५९ रोजी मुंबईत घडलेल्या खुनाच्या या खटल्यात ज्यूरीतील नऊपैकी आठ जणांनी आरोपीस निर्दोष म्हटले. परंतु तत्कालीन संहितेप्रमाणे ज्यूरीचे मत न्यायाधीशाने स्वीकारल्यावाचून त्याचा निकाल होत नसे. सत्र न्यायाधीशांना ते मत अस्वीकार्य वाटले, त्यांनी ३०७ व्या कलमाखाली प्रकरण उच्च न्यायालयाकडे धाडले, आणि उच्च न्यायालयाने पुरावा तपासून आरोपीस खुनाबद्दल जन्मठेप दिली. सर्वोच्च न्यायालयाने २४ नोव्हेंबर १९६१ रोजी ती कायम केली. आठ जणांनी “निर्दोष” म्हटलेला मनुष्य कसा काय तुरुंगात गेला, असे त्या काळी पुष्कळांना वाटले. त्याचे कारण एवढेच की, कायद्याच्या दृष्टीने तो निर्दोष सुटलाच नव्हता, खटला एकच होता आणि तो अद्याप संपला नव्हता.

आता उलट बाजू. शिक्षा झालेल्या आरोपीने स्वतः अपील केले, आणि वरिष्ठ न्यायालयाने शिक्षा रद्द करून फेरखटल्याचा हुकूम दिला, तर पहिला निकाल अमलात राहत नाही. आणि जो निकाल अमलात नाही त्याची ढाल पुढे करता येत नाही. म्हणून फेरखटला चालतो.

६. अधिकार नसलेल्या न्यायालयाचा निकाल

पहिली अट अधिकाराची. युद्धकाळात काही अपराधांसाठी सरकारी मंजुरीवाचून खटला भरण्यास मनाई असे. मुंबईच्या अशाच एका प्रकरणात, साठेबाजी व नफेबाजी यांविरुद्धच्या वटहुकुमाखालील पहिला खटला वैध मंजुरीवाचून भरला गेला होता. पुढे योग्य मंजुरी घेऊन पुन्हा खटला झाला तेव्हा आरोपीने पूर्वीच्या निकालाचा आधार घेतला. हे प्रकरण लंडनच्या प्रिव्ही कौन्सिलपर्यंत गेले, आणि युसुफअल्ली मुल्ला नूरभॉय विरुद्ध बादशहा या १९४९ च्या निर्णयाने असे ठरले की, मंजुरीवाचून त्या न्यायालयास खटला चालविण्याचा अधिकारच नव्हता. जेथे अधिकार नव्हता तेथे आरोपी खऱ्या अर्थाने संकटात पडलाच नव्हता. म्हणून दुसरा खटला हाच कायद्याच्या दृष्टीने पहिला. सामान्य मनुष्यास हे तर्कशास्त्र कठोर वाटेल, कारण न्यायालयाच्या दारात उभे राहण्याचा मनस्ताप आणि खर्च अधिकाराच्या अभावामुळे कमी झालेला नसतो. परंतु दुसरा पर्याय याहून वाईट आहे. तो स्वीकारला तर आरोपीने मुद्दाम अयोग्य न्यायालयासमोर सुटका करवून घ्यावी आणि कायमचे निर्धास्त व्हावे, असा मार्ग खुला होईल.

७. फ्लॉरिडाचा किनारा

आपल्या प्रश्नास तंतोतंत लागू पडणारा निर्णय अलीकडे, १५ जून २०२३ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने दिला. फ्लॉरिडाच्या उत्तर भागातील पेन्साकोला येथे एक कंपनी आहे. मासे जमावेत म्हणून खासगी लोक समुद्राच्या तळाशी जे कृत्रिम खडक रचून ठेवतात, त्यांच्या जागा ही कंपनी ध्वनिलहरींच्या साहाय्याने शोधते आणि त्यांचे अक्षांश-रेखांश विकते. अॅलाबामा राज्यातील मोबील येथे राहणाऱ्या, मासेमारीचा नाद असलेल्या एका संगणक अभियंत्याने ही माहिती त्या कंपनीच्या संकेतस्थळावरून परभारे मिळविली. व्यापारी गुपिते चोरल्याचा खटला त्याजवर उत्तर फ्लॉरिडात भरला गेला. त्याने आरंभीच हरकत घेतली की, मी होतो मोबीलमध्ये, माहिती साठविणारे संगणक होते ऑर्लँडो येथे, म्हणजे मध्य फ्लॉरिडाच्या न्यायक्षेत्रात. उत्तर फ्लॉरिडाचा येथे संबंध काय? खालच्या न्यायालयाने ती मानली नाही, ज्यूरीने दोषी ठरविले. अपील न्यायालयाने हरकत मान्य करून चोरीची ती शिक्षा रद्द केली, पण फेरखटल्याची वाट मोकळी ठेवली.

अमेरिकेत ठिकाणाचा नियम केवळ सोयीचा नाही, तो संविधानात दोन ठिकाणी कोरलेला आहे. वसाहतींतील लोकांना खोट्या आरोपांखाली समुद्रापार नेऊन तेथे त्यांचे खटले चालविले जातात, ही राजाविरुद्धची तक्रार १७७६ च्या स्वातंत्र्याच्या जाहीरनाम्यातही आहे. म्हणूनच आरोपीचे म्हणणे होते की, एवढ्या पवित्र हक्काचा भंग झाल्यावर पुन्हा खटलाच होता कामा नये. न्यायालयाने एकमताने हे नाकारले. न्यायमूर्ती अलिटो यांनी लिहिलेल्या निर्णयाचा गाभा असा: ठिकाण चुकले या निष्कर्षातून आरोपी दोषी की निर्दोष याबद्दल काहीही ठरत नाही, आणि दुसऱ्या खटल्यास प्रतिबंध होतो तो दोषनिर्दोषतेचा निर्णय झालेला असेल तेव्हाच. पुरावाच अपुरा म्हणून अपिलात शिक्षा रद्द झाली असती तर मात्र, १९७८ पासूनच्या त्याच न्यायालयाच्या नियमाप्रमाणे, पुन्हा खटला झाला नसता.

८. ठिकाण बदलून पुन्हा खटला

ठिकाण आणि फेरखटला या दोन्ही गोष्टी एकाच हुकुमात एकत्र आल्या त्या भारतात, बेस्ट बेकरी प्रकरणात. १ मार्च २००२ रोजी वडोदऱ्यातील हनुमान टेकडी भागात या बेकरीवर जमावाने हल्ला केला आणि १४ जणांचा मृत्यू झाला. जून २००३ मध्ये वडोदऱ्याच्या जलदगती न्यायालयाने सर्व २१ आरोपींस निर्दोष सोडले, कारण प्रमुख साक्षीदार उलटले होते. गुजरात उच्च न्यायालयाने तो निकाल कायम केला. सर्वोच्च न्यायालयाने १२ एप्रिल २००४ रोजी दोन्ही निकाल रद्द करून, महाराष्ट्रात, मुंबई उच्च न्यायालयाच्या अधिकारकक्षेतील न्यायालयात, फेरखटला चालविण्याचा हुकूम दिला.

येथे खटला मुळात योग्य हद्दीतच चालला होता. वडोदरा हे गुन्ह्याचेच गाव होते. तरीही साक्षीदारांस निर्भयपणे बोलता येईल असे वातावरण तेथे उरले नव्हते, तपास सदोष होता, आणि न्यायालय निष्क्रिय प्रेक्षक बनले होते, असे सर्वोच्च न्यायालयास आढळले. म्हणजे ठिकाणाच्या नियमाचा जो हेतू, खरा पुरावा खऱ्या स्थितीत पुढे यावा हा, तो नियम पाळूनही साधला नव्हता, आणि तो साधण्यासाठी ठिकाणच बदलावे लागले. निर्दोषतेचा निकाल येथे ढाल बनू शकला नाही, कारण वरिष्ठ न्यायालयाने तो रद्द केल्यावर तो अमलात राहिला नाही, आणि ज्या कार्यवाहीतून तो निघाला होता तिला खरा खटला म्हणणेच न्यायालयास शक्य वाटले नाही.

फेरखटला हे औषध जपून वापरावयाचे आहे. उखा कोल्हे विरुद्ध महाराष्ट्र राज्य या १९६३ च्या निर्णयात सर्वोच्च न्यायालयाने बजावले आहे की, अधिकाराचा अभाव, गंभीर बेकायदेशीरपणा किंवा खऱ्या अर्थाने खटलाच न होणे, अशी कारणे असल्यावाचून फेरखटल्याचा हुकूम देऊ नये. सरकारपक्षाच्या पुराव्यातील उणिवा भरून काढण्याची संधी म्हणून तर मुळीच देऊ नये. मला हा इशारा फार मोलाचा वाटतो, कारण फेरखटल्याची किंमत प्रथम मोजतो तो आरोपी, आणि त्याच्या मागोमाग ते साक्षीदार, ज्यांना एकदा सांगितलेली दुःखद हकीगत पुन्हा सांगावी लागते. बेस्ट बेकरीचा फेरखटला मुंबईत माझगाव येथे चालला. २४ फेब्रुवारी २००६ रोजी सतरा आरोपींपैकी नऊ जणांस जन्मठेप झाली व आठ सुटले. आणि जुलै २०१२ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने त्या नऊपैकी चौघांची शिक्षा कायम ठेवून पाच जणांना निर्दोष मुक्त केले.